मत्स्यपेटीचा दिवा

आमच्या घराण्यांत पत्रिका जुळविण्याचें काम वंशपरंपरेनें चालत आलेलें आहे. आमच्या आजोबांनीं वाई परगण्यांतील कित्येक लग्नें जमविलीं, असें सांगतात. परंतु त्यांच्याच नातवाची, म्हणजे आमची, एका विजेच्या नळीची पत्रिका जुळवितांना जी त्रेधा उडाली ती वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हकीकत अगदीं घरगुती आहे. ज्यांच्या दिवाणखान्यांत माशांची कांचेची पेटी आहे त्यांस ती उपयोगी पडेल. ज्यांच्या घरीं पेटी नाहीं, पण एखादें वडील माणूस आहे, त्यांसही ती अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एका इंजिनियर गृहस्थांचें बिऱ्हाड होतें. जर्मनींत कांहीं वर्षें काढून हें कुटुंब पुण्यास परत आलें, तेव्हां इतर सामानाबरोबर चार फूट लांबीची एक मत्स्यपेटीही त्यांनीं आणली होती. पुढें २०१२ सालीं त्यांस पुन्हां तिकडे जावें लागलें. पेटी परत नेणें परवडण्यासारखें नव्हतें. "तुम्हीच सांभाळा," असें म्हणून त्यांनीं ती मासे, पाणवनस्पती आणि दिव्यांचें झांकण यांसह आमच्या पदरांत टाकली. शेजारच्या काकूंनीं विचारलें, "अहो, तुमच्या घरांत मासे?" तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं उत्तर दिलें, "पाहावयाचे आहेत, काकू; खावयाचे नाहींत." या उत्तरानें पेटीचा गृहप्रवेश निर्वेध पार पडला.

त्याच वर्षीं आमची आई वारली, आणि वाईचें घर बंद करून तात्या आमच्याकडे राहावयास आले. तात्यांची सारी नोकरी वीज मंडळांत झाली. तारा, खांब, चोक आणि फ्यूज यांतच त्यांचें आयुष्य गेलें व १९९४ सालीं ते निवृत्त झाले. वाईस असतां दिवेलागणीला आई देवापाशीं निरांजन लावी आणि तात्या ओटीवर बसून रामरक्षा म्हणत. आमच्याकडे आल्यावर त्यांचें बोलणें फारच कमी झालें. मात्र तिन्हीसांजा झाल्या कीं ते उठत, मत्स्यपेटीचा दिवा स्वतः लावीत, आणि समोरच्या वेताच्या खुर्चीवर तासभर बसून राहत. निळ्या-तांबड्या रेघांचे निऑन टेट्रा हिरव्या पानांमधून सरसर फिरत. तात्या पाहत असत. आम्हीं त्यांस कधीं हटकलें नाहीं. घरांतील एवढें एकच बटण ते आपलें समजत, हें आम्हांस ठाऊक होतें.

२०१४ सालच्या आषाढांत एका संध्याकाळीं तात्यांनीं बटण दाबलें आणि दिवा लागला नाहीं. झांकणांत दोन नळ्या होत्या. दोन्ही एकदम मिटल्या. तात्यांनीं दोनदां बटण दाबून पाहिलें, आणि मग ते तसेच अंधाऱ्या पेटीसमोर बसले. आम्हीं लगबगीनें सांगितलें, "तात्या, तुम्ही काळजी करूं नका. आम्ही उद्यां नवी ट्यूब आणतों." त्यांनीं मान डोलविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं त्या जुन्या नळ्या काढून इमारतीच्या कचऱ्यांत टाकून दिल्या. हा आमचा पहिला अपराध. त्याचें वजन पुढें कळेल.

पेटी चार फुटी. तेव्हां ट्यूबही चार फुटी, हें आमचें गणित. नाक्यावरील विजेच्या दुकानांतून आम्हीं छत्तीस वॅटच्या दोन ट्यूबा आणल्या. "छत्तीस! म्हणजे सगळेच गुण जुळले," असा विनोदही आम्हीं घरीं केला. परंतु झांकण उघडून पाहतों तों नळीचें टोंक होल्डरांत शिरेना. नळी जाड, होल्डर बारीक. नळीच्या दोन पिना दूर दूर, होल्डरचीं भोकें जवळ जवळ. लांबीनेंही ती सहा इंच जास्त भरली. वर सोयरीक थोरामोठ्यांच्या घरांतून सांगून यावी आणि मुलगा मांडवाच्या दारांतूनच आंत मावूं नये, तसा प्रकार झाला.

आमचा असा समज कां झाला, याचेंही कारण आहे. आमच्या लहानपणीं घरांत दीड इंच जाडीची, चाळीस वॅटची ट्यूब असे. पुढें तिच्या जागीं एक इंच जाडीची, छत्तीस वॅटची ट्यूब आली. ती त्याच पट्टींत, त्याच चोकवर, त्याच स्टार्टरनें मुकाट्यानें पेटूं लागली. दोघींची लांबी एक आणि पिनांतील अंतरही एकच, सुमारें तेरा मिलिमीटर. अशा रीतीनें जुनी गेली व नवी आली तरी संसार मोडला नाहीं. त्यामुळें ट्यूब म्हणजे ट्यूब, फूट सांगावे आणि घेऊन यावी, असा आमच्या पिढीचा ग्रह होऊन बसला. परंतु मत्स्यपेटीच्या झांकणांत जी बारीक नळी असते ती निराळ्या कुळांतली. तिची जाडी अवघी सोळा मिलिमीटर आणि पिनांतील अंतर पांच मिलिमीटर. या कुळांची नांवें इंग्रजी 'टी' अक्षरावरून पडलेलीं आहेत. 'टी' म्हणजे नळी, आणि पुढचा आंकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग. टी-१२ म्हणजे बारा अष्टमांश, दीड इंच; टी-८ म्हणजे बरोबर एक इंच; टी-५ म्हणजे पांच अष्टमांश. इतकें सोपें गणित. पण तें आम्हांस पैसे खर्च झाल्यावर कळलें.

आमच्या अकरा वर्षांच्या कन्येनें जुन्या नळीवर '५४' हा आंकडा वाचला होता. तो धागा धरून आम्ही पुढें निघालों. त्याच आठवड्यांत एका लग्नानिमित्त मुंबईस जाणें झालें. क्रॉफर्ड मार्केटांत मासे पाहिले, शेजारच्या लोहार चाळींत विजेचीं दुकानें पालथीं घातलीं, आणि अखेर चोपन्न वॅटची, टी-५ कुळांतली, बारीक अंगलटीची नळी मिळाली. एक सोडून दोन घेतल्या. लग्नाच्या आहेरापेक्षां त्या नळ्यांस जपत आम्ही रेल्वेनें पुण्यास आलों. कुळ जुळलें, पिना जुळल्या, वॅट जुळले. एक टोंक होल्डरांत अल्लाद बसलें. दुसरें टोंक मात्र दुसऱ्या होल्डरच्या पलीकडे तब्बल चार इंच गेलें!

आम्ही थक्क होऊन पाहत राहिलों. तात्या आपल्या खुर्चीवरून पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत. आम्हींही त्यांस कांहीं विचारलें नाहीं. उलट सौ.नीं हळूच आंत बोलावून सांगितलें, "त्यांच्यासमोर फार चर्चा नको. उगाच जिवाला लागेल." तेव्हांपासून ट्यूबविषयींचें सारें बोलणें स्वयंपाकघरांत, दबलेल्या आवाजांत होऊं लागलें.

इकडे पेटीची कळा उतरत चालली होती. खिडकीच्या उजेडावर पाणवनस्पती कशीबशी तग धरून होत्या. पण लांब पानें पिवळीं पडून विरूं लागलीं होतीं. मासे कोपऱ्यांत गोळा होत. आणि संध्याकाळीं तात्या त्या अंधाऱ्या पाण्यासमोर पूर्वीइतकाच वेळ बसत. कन्येनें एकदां विचारलें, "आजोबा, तुम्हांला दिसतें का कांहीं?" ते म्हणाले, "नाहीं. पण ते आहेत ना आंत."

अखेर आम्हीं एका वायरमनास बोलाविलें. त्यानें तोडगा काढला. टी-५ कुळांतच एकवीस वॅटची आखूड नळी मिळते. मूळ होल्डर बाजूस सारून सुट्या तारांनीं ती जोडूं, म्हणजे लांबीचा प्रश्नच उरणार नाहीं. आम्हीं बुधवार पेठेंतून तशा दोन नळ्या आणल्या. त्यानें चिकटपट्ट्या, तारा व दोऱ्या यांचा एक लांबलचक प्रयोग केला आणि बटण दाबलें. पेटी लखलखून उठली! इतका उजेड तर पूर्वींही नव्हता. घरांत पेढे वांटावयाचेच काय ते बाकी राहिलें. तात्या मात्र जवळ येऊन नळीच्या टोंकांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

चार दिवस गेले. पांचव्या संध्याकाळीं नळ्यांचीं टोंकें काळीं पडलीं, एक फडफड झाली आणि पुन्हां अंधार. आम्ही आंत सौ.पाशीं डोकें धरून बसलों असतां बाहेरून कन्येचा आवाज ऐकूं आला.

"आजोबा, आतां काय झालें हो?"

"व्हायचें तेंच झालें, बाळ. पोटाला पावशेर लागतें त्याला अडीच पावशेर भरविलें, तर तें किती दिवस जगेल?"

"तुम्हांला कळलें होतें?"

"पहिल्याच दिवशीं."

"मग सांगितलें कां नाहीं?"

तात्या जरा थांबले. मग म्हणाले, "मला कोणीं विचारलें?"

आम्ही दारांतच उभे होतों. त्या तीन शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. तेहतीस वर्षें ज्या माणसानें सबंध तालुक्याचे दिवे लावले, त्यास त्याच्याच समोरच्या दिव्याविषयीं आम्हीं एक अक्षर विचारलें नव्हतें. त्यांच्या जिवाला लागूं नये म्हणून आम्ही कुजबुजत होतों. आणि तें कुजबुजणेंच त्यांच्या जिवाला लागत होतें.

आम्ही पुढें जाऊन म्हणालों, "तात्या, चुकलें. आतां तुम्हीच सांगा."

तात्या उठले. आपल्या ट्रंकेंतून त्यांनीं एक डायरी आणि घडीची जुनी फूटपट्टी काढली. दिवे गेले त्या रात्रींच, आम्ही निजल्यावर, त्यांनीं मेन बंद करून झांकण उघडलें होतें व दोन्ही नळ्या काढून मोजल्या होत्या. डायरींत सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें: 'लांबी १०४७. जाडी १६. पिना ५. वॅट ५४. चोक एकच, दोन नळ्यांस.' खालीं एक ओळ होती: 'नळ्या फेंकूं नयेत.'

"तुझ्या आजोबांनीं लग्नें जमविलीं," तात्या आम्हांस म्हणाले, "पण तूं नुसतें नांव पाहून निघालास. अरे, चार गोष्टी बघायच्या. लांबी, जाडी, पिना आणि प्रवाह. पहिल्या नळीची जाडी आणि पिना जुळल्या नाहींत. दुसरीचें सगळें जुळलें, पण लांबी बाजारची. बाजारांत टी-५ च्या लांब्या ठरलेल्या असतात: ५४९, ८४९, ११४९, १४४९. तीनशें-तीनशेंचीं पावलें. चोपन्न वॅटची ११४९ चीच मिळणार. हीं १०४७ आहे. म्हणजे पेटी करणारानें आपल्यापुरतीं वेगळीं नळी केली आहे. दुकानदाराचा दोष नाहीं. तिसरीची लांबी तुम्हीं जुळवून घेतलीत, पण नाडी पाहिली नाहीं. छत्तीसांतले आठ गुण एकट्या नाडीचे असतात, तें विसरलास का?"

नाडी म्हणजे काय, हें त्यांनीं कन्येस समजावून सांगितलें तें आम्हींही मुकाट्यानें ऐकून घेतलें. नळीच्या आंत वायु व थोडासा पारा असतो. ती एकदां पेटली कीं जितका प्रवाह मिळेल तितका ओढीत जाते. उधळ्या मुलाच्या हातीं तिजोरीची किल्ली द्यावी तसें होतें. तो हात आवरून धरणारा जो असतो तो चोक. हल्लींच्या झांकणांत त्याच्या जागीं इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट असतो. आतां टी-५ कुळांत एकाच लांबीच्या दोन दोन बहिणी आहेत. एक मितभोजी: चौदा, एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस वॅटची. दुसरी सणसणीत: चोवीस, एकोणचाळीस, चोपन्न, ऐंशी वॅटची. दिसावयास दोघी सारख्या, पिनाही सारख्या. परंतु पहिलीस १७० मिलिअँपियर प्रवाह पुरतो, आणि चोपन्न वॅटचीस ४६० लागतो. वायरमनानें पहिलीस दुसरीच्या पंगतीस बसविलें. पंक्तीचा आग्रह तिला सोसला नाहीं, इतकेंच.

"आणि त्या जुन्या नळ्या कुठें आहेत?" तात्यांनीं विचारलें. आम्हीं खालीं मान घातली. त्यांच्या कपाळावर आठी पडली ती त्या सबंध प्रकरणांत प्रथमच. "त्यांत पारा असतो. कचरा वेंचणाऱ्या बाईच्या हातांत फुटली असती म्हणजे?" नळी फुटलीच तर खिडक्या उघडाव्या, खोलींतून माणसें बाहेर काढावीं, तुकडे केरसुणीनें न झाडतां जाड कागदानें गोळा करावे, ओल्या कागदानें जागा पुसावी, आणि सर्व बंद बरणींत ठेवून द्यावें, हें त्यांनीं आम्हांस तेव्हां शिकविलें. तसेंच, पेटींत हात घालण्यापूर्वीं दिव्याची वीज नुसत्या बटणानें नव्हे तर प्लग काढून बंद करावी, हा नियमही त्याच दिवसापासून घरांत सुरू झाला.

त्या रात्रीं तात्यांनीं सांगितलें तसें पत्र आम्हीं जर्मनीस धाडलें. हल्लींच्या रीतीप्रमाणें तें क्षणांत पोंचलेंही. शेजाऱ्यांचें उत्तर आलें कीं, त्या कारखानदाराच्या नळ्या खरोखरच वेगळ्या मापाच्या असतात: ४३८, ५९०, ७४२, ८९५ आणि १०४७ मिलिमीटर. तात्यांनीं हीं मापें वाचलीं आणि ते हंसले. "हीं सगळीं जुन्या टी-८ चीं मापें! सुनेला सासूचीं पातळें दिलीं आहेत." आम्हांस त्यांच्या तोंडून हंसूं ऐकून दोन वर्षें झालीं होतीं.

दिवाळींत शेजाऱ्यांचे एक नातलग तिकडून आले, त्यांनीं पुठ्ठ्याच्या नळकांड्यांतून दोन ट्यूबा आणल्या. तात्यांनीं प्रथम फूटपट्टीनें मोजून घेतल्या. मग टोंकांवरचे रबरी वायसर पुसले. ते घट्ट बसले नाहींत तर पाण्याची वाफ आंत जाऊन पिना गंजतात. कन्येनें एक टोंक धरलें, तात्यांनीं दुसरें, आणि नळी पाव वळसा फिरवून जागेवर बसविली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं पेटींत दिवा लागला. कोपऱ्यांतले मासे एकेक करून पुढें आले. तात्या खुर्चीवर बसले. या वेळीं शेजारीं आणखी एक खुर्ची होती आणि तिच्यावर आम्ही बसलों होतों.

त्यानंतर सहा वर्षें तात्या आमच्यांत होते. घरांत मिक्सर बंद पडो कीं पंखा कुरकुरो, प्रथम त्यांना विचारावयाचें, असा परिपाठ पडला. नेहमींच त्यांचें उत्तर बरोबर निघे असें नव्हे; परंतु विचारल्यावर ते जसे ताठ होऊन बसत, तें पाहण्यासाठीं आम्ही कधीं कधीं उत्तर ठाऊक असतांही विचारीत असूं. २०२० सालीं ते गेले.

आतां त्या नळ्यांचें युगही संपत आलें आहे. युरोपीय संघांत २०२३ च्या ऑगस्टपासून टी-५ व टी-८ नळ्या बाजारांत आणणें बंद झालें. आणि पाऱ्याविषयींच्या मिनामाता कराराच्या त्याच वर्षीं जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेंत, अशा सर्व नळ्यांचें उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचें ठरलें. आमच्या पेटीवरही आज एलईडीची पट्टी आहे. तिचे आंकडे दोन्ही बाजूंनीं लांबवितां येतात. ती कोणत्याही पेटीवर बसते. तिला पत्रिका लागत नाहीं. तरीपण कित्येक घरांत जुनीं झांकणें अद्याप आहेत आणि त्यांसाठीं नळ्यांचा शोध चालूच असतो. त्यांच्याकरितां तात्यांच्या डायरींतील सार येथें देतों.

जुनी नळी टाकूं नये. ती मोजावी, आणि शक्य तर दुकानांत बरोबर न्यावी. लांबी मिलिमीटरांत मोजावी, फुटांत नव्हे; आणि सांगितलेलें माप पिनांसह आहे कीं पिनांवांचून, हें विचारावें, कारण टी-५ मध्यें दोन्ही टोंकांच्या पिना मिळून चौदा मिलिमीटरांचा फरक पडतो. जाडीवरून पिना बहुधा कळतात: टी-८ व टी-१२ ला तेरा मिलिमीटर, टी-५ ला पांच. वॅटचा आंकडा नळीवरचा आणि बॅलास्टवरचा ताडून पाहावा. बॅलास्टवर लिहिलेली नसेल ती नळी, पेटली तरी, आपली समजूं नये. दुमडलेल्या आखूड नळ्यांत दोन पिनांची आणि चार पिनांची असे दोन भेद असतात. दोन पिनांच्या नळींत स्टार्टर पोटांतच असतो, चार पिनांच्या नळींत नसतो, म्हणून एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. जुन्या पट्टींत एलईडीची नळी घालावयाची असल्यास, ती चोकसह चालणारी आहे कीं चोक काढून चालणारी, हें तिच्या कागदावर वाचल्याशिवाय वीज सुरू करूं नये. उजेड पांढरा घ्यावा कीं निळसर, हा रुचीचा व वनस्पतींचा प्रश्न आहे. त्याचा जुळणीशीं संबंध नाहीं.

एवढें पाहिलें म्हणजे फसगत होणार नाहीं. मात्र या सर्वांच्या आधीं करावयाची एक गोष्ट डायरींत लिहिलेली नाहीं. ती आमची आम्हांसच पुढें जोडावी लागली. दुकानाकडे निघण्यापूर्वीं घरांत खुर्चीवर कोणी वडील माणूस बसलें असेल, तर वहाणा पायांत घालण्याच्या आधीं त्याच्याजवळ जाऊन बसावें, आणि त्याला विचारावें.